डिकन्सचा चामडी संच घेताना: आधी पाठ, मग पोट

ठाण्याच्या एका वाचकांनी विचारलंय की इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या साहित्याचा ३० खंडांचा संच आहे, तो घ्यावा का. विक्रेत्याने वर्णन असं केलंय: 'लंडन, चॅपमन अँड हॉल, साधारण १८९०. हिरवी अर्धी मोरोक्को बांधणी, रिव्हिएर. पाठी किंचित फिकट, बाकी उत्तम.' (मोरोक्को हा चामड्याचा प्रकार, रिव्हिएर हे बांधणाऱ्याचं नाव; दोन्हींबद्दल पुढे सांगते.) किंमत १,८०० पौंड, पाठवणीचा खर्च वेगळा. त्यांचे प्रश्न तीन आहेत. किंमत रास्त आहे का, पुढे विकायचा झाला तर पैसे वाढून मिळतील का, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात तो टिकेल का. सोबत चार फोटो जोडलेत. त्यातल्या एका फोटोमुळेच मी एवढं लांब उत्तर लिहायला बसले.

मी पुण्यात मामांच्या बाइंडिंगच्या दुकानात जुजबंदी, म्हणजे पुस्तकाची शिवण, शिकले आणि गेली २६ वर्षं इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळ जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करते. व्हिक्टोरियन कादंबऱ्यांचे चामडी संच माझ्या टेबलावर सतत येतात. कुणाच्या आजोबांचे असतात, कुणी हौसेने लिलावात घेतलेले. त्यामुळे मी जे सांगतेय ते दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूने आहे. विक्रेत्याला संच शेल्फवर कसा दिसतो ते माहीत असतं, आणि आम्हाला तो कुठे तुटतो ते.

एक गोष्ट आधीच सांगते. फोटोवरून सगळं कळत नाही. कातडं बोटाला कळतं, ओल नाकाला कळते. म्हणून खाली मी जिथे 'बहुधा' म्हणेन तिथे तो शब्द खरोखर तसाच घ्या.

तुमचे तिन्ही प्रश्न किमतीभोवती फिरतात, पण खरी अडचण त्याच्या अलीकडे आहे. चामड्यात बांधलेला संच ही एक वस्तू नसते, त्या दोन वस्तू असतात. आतली छापील पानं ही एक आणि त्यांना घातलेला चामड्याचा अंगरखा ही दुसरी. दोघांचं वय वेगळं असू शकतं, दर्जा वेगळा असू शकतो, आणि बहुतेक वेळा असतोच. विक्रेता दोघांचं मिळून एकच वर्णन करतो, घेणाराही एकच वस्तू समजून घेतो, आणि घोटाळा तिथे होतो. म्हणून पाठ वेगळी तपासायची आणि पोट वेगळं तपासायचं.

हे असं का झालं ते समजायला त्या काळात कादंबरी विकली कशी जायची ते थोडं बघावं लागतं. डिकन्सच्या बऱ्याच मोठ्या कादंबऱ्या महिन्याच्या महिन्याला पातळ वहीसारख्या अंकांतून निघाल्या. 'पिकविक' १८३६-३७ मध्ये, 'डेव्हिड कॉपरफील्ड' १८४९-५० मध्ये, 'ब्लीक हाउस' १८५२-५३ मध्ये. किंमत एक शिलिंग, ३२ पानं, दोन चित्रं, बाहेर कागदी वेष्टण. एकोणीस महिन्यांत वीस अंक, म्हणजे शेवटचा जोडअंक. त्या जोडअंकात मुखपृष्ठ (म्हणजे आतलं, पुस्तकाचं आणि प्रकाशकाचं नाव छापलेलं पान), प्रस्तावना आणि चित्रांची यादी यायची. ती कशासाठी? तर आता सगळे अंक बाइंडरकडे न्या आणि पुस्तक करून घ्या यासाठी. लोक तसंच करायचे. कुणी प्रकाशकाने पुरवलेलं कापडी आवरण घ्यायचं, कुणी आपल्या ऐपतीप्रमाणे वासराच्या कातड्यात बांधून घ्यायचं. म्हणजे पुस्तक छापणारा एक आणि बांधणारा दुसरा, ही फारकत मुळातच होती.

दुसरीकडे तीन खंडांची कादंबरी होती, दीड गिनी म्हणजे साडेएकतीस शिलिंग किमतीची. ती सामान्य माणूस विकत घेत नसे. म्युडीच्या वाचनालयाची वर्षाला एक गिनी वर्गणी भरायचा आणि एकेक खंड घरी आणायचा. म्युडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन मोठ्या वर्गणी वाचनालयांनी १८९४ साली ही पद्धत पुढे चालवायला नकार दिला आणि तीन खंडी कादंबरी काही वर्षांतच संपली. घरात मिरवायचे समग्र साहित्याचे एकसारखे संच यापेक्षा वेगळे. लेखकाचं नाव पक्कं झाल्यावर प्रकाशक सगळं लेखन पुन्हा एका आकारात छापायचे, बहुतेकदा साध्या कापडी बांधणीत, आणि मग पुस्तकविक्रेते त्यातले काही संच नामांकित बाइंडरांकडून चामड्यात बांधून घ्यायचे. कधी लगेच, कधी पन्नास वर्षांनी.

आता तुमचा तिसरा फोटो. पहिल्या पुठ्ठ्याच्या आतल्या कागदावर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांचा ठसा आहे. तुम्ही कदाचित 'रिव्हिएर' एवढंच वाचलंत. मोठा करून बघा, 'बेन्टन (रिव्हिएर), बाथ' असं आहे. रॉबर्ट रिव्हिएर यांनी १८२९ साली बाथमध्येच काम सुरू केलं, १८४० मध्ये ते लंडनला गेले, आणि त्यांच्या हयातीनंतरही 'रिव्हिएर अँड सन' ही पेढी उत्तम बांधणीसाठी नावाजलेली राहिली. १९३९ साली बाथच्या जॉर्ज बेन्टन यांनी ती विकत घेतली. दोन्ही नावं एकत्र असलेला ठसा त्यानंतरचा. म्हणजे तुमच्या संचाचं चामडं १८९० चं नाही. ते १९३९ नंतरचं आहे, फार तर पंच्याऐंशी-नव्वद वर्षांचं.

यात विक्रेत्याने मुद्दाम फसवलंय असं मी म्हणणार नाही. त्याने दिलेलं साल आतल्या पानांचं आहे आणि बांधणाऱ्याचं नाव बांधणीचं आहे, दोन्ही एका ओळीत आली एवढंच. पण वाचणाऱ्याच्या मनात 'व्हिक्टोरियन काळात बांधलेला संच' असं चित्र उभं राहतं, आणि किंमतही त्याच चित्राची मागितली जाते. तेव्हा हा मुद्दा त्याच्यापुढे नक्की ठेवा.

गंमत म्हणजे ठाण्यात राहणाऱ्या माणसासाठी ही वाईट बातमी नाही. का, ते सांगायला कातड्याबद्दल सविस्तर बोलावं लागेल. ज्याला चामडी संच घ्यायचाय त्याने हे सगळ्यांत नीट समजून घ्यावं असं मला वाटतं.

मोरोक्को म्हणजे बकऱ्याचं कातडं. जाड, दाणेदार, चिवट. काफ म्हणजे वासराचं. गुळगुळीत, देखणं, पण बिजागरीपाशी, म्हणजे पुठ्ठा जिथे पाठीला मिळतो तिथे, बाइंडर ते तासून इतकं पातळ करतो की शंभर वर्षांनी ते चिरतंच. रोन म्हणजे मेंढीचं, सगळ्यांत कमकुवत, सालपटं निघणारं. 'अर्धी' बांधणी म्हणजे पाठीला आणि चार कोपऱ्यांना चामडं, मधल्या भागाला कापड किंवा मार्बल कागद. पूर्ण चामड्यापेक्षा ती कमअस्सल असते असं मुळीच नाही, अर्धी मोरोक्को पूर्ण काफपेक्षा कितीतरी जास्त टिकलेली मी रोज बघते. ट्री काफ नावाचा एक प्रकार आहे, त्यात पुठ्ठ्यावर झाडासारखी नक्षी दिसते. ती नक्षी लोखंडाच्या क्षाराने उठवलेली असते, आणि तो क्षार पुढे कातडंच खातो. दिसायला मोहक आहे, पण दमट हवेत राहणाऱ्याला मी कधीच सुचवत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चामड्याला एक रोग जडला. इंग्रजीत त्याला रेड रॉट म्हणतात. कातडं विटकरी लाल होतं, भुगा होतो, पुस्तक हातात घेतलं की बोटं आणि शर्ट रंगतात. कारणं दोन. एक म्हणजे हवा. गॅसचे दिवे आणि कोळशाचा धूर यांतून गंधकाचा वायू निघायचा, कातडं तो शोषायचं, आणि आत गंधकाम्ल तयार व्हायचं. मायकेल फॅरेडे यांनी १८४० च्या दशकातच लंडनच्या एका क्लबातल्या कुजलेल्या पुस्तकांचा दोष गॅसदिव्यांवर ठेवला होता. दिव्याची गरम हवा वर जाते, म्हणून उंच फळ्यांवरची पुस्तकं आधी खराब व्हायची.

दुसरं कारण कमावणीचं, आणि तिथे आपला देश येतो. हिंदुस्थानात कमावलेली शेळ्या-मेंढ्यांची कातडी लंडनच्या बाजारात 'पर्शियन' नावाने स्वस्तात विकली जायची. ती कमावलेली असायची तरवडाच्या सालीने. तोच तरवड, जो आपल्या माळावर पिवळा फुलतो. १९०० साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने बांधणीची चामडी इतक्या लवकर का कुजतात हे शोधायला समिती नेमली, आणि १९०५ साली तिचा पूर्ण अहवाल पुस्तकरूपाने निघाला. पुस्तकांसाठी तरवडाची कमावणी त्यात वाईट ठरली, सुमाक या झुडपाच्या पाल्याची सर्वांत चांगली. टॅनिनचे, म्हणजे कातडं कमावणाऱ्या तुरट द्रव्यांचे, दोन मोठे गट आहेत आणि पुस्तकासाठी तोच फरक महत्त्वाचा. आपला हिरडा सुमाकच्या गटातला, तरवड दुसऱ्या गटातला. दोन्ही झाडं एकाच सह्याद्रीच्या उतारावरची आणि एकाने कमावलेलं पुस्तक टिकतं, दुसऱ्याने कमावलेलं भुगा होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी काम थांबवून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

म्हणून १८६० ते १९०० मध्ये बांधलेला चामडी संच घेताना हात आखडता घ्यावा लागतो आणि नंतर बांधलेल्याबद्दल थोडं निर्धास्त राहता येतं. तुमच्या संचाच्या कातड्याने गॅसचे दिवे बघितलेलेच नाहीत. हिरव्या मोरोक्कोच्या पाठी तपकिरी झाल्यात ते उन्हामुळे. हिरवा रंग प्रकाशात असाच उतरतो. ती खोड आहे, रोग नाही. सगळ्या तीस पाठी सारख्याच उतरल्या असतील तर शेल्फवर सुंदरच दिसतात. पण फोटोत सोळाव्या आणि सतराव्या खंडाच्या पाठी बाकीच्यांपेक्षा हिरव्या दिसतात. ते दोन खंड बहुधा बराच काळ दुसरीकडे होते, किंवा नंतर बांधून संचात घातले आहेत. हे विचाराच.

तरीही कातड्याची खात्री करून घ्या. विक्रेत्याला सांगा की पांढऱ्या कोरड्या सुती कापडाने तीन-चार खंडांची बिजागरी हलक्या हाताने पुसा आणि कापडाचा फोटो पाठवा. विटकरी भुकटी दिसली तर थांबा. नुसता थोडा रंग लागला तर काळजी नाही. मग पुठ्ठा नव्वद अंशांपर्यंत उघडून बिजागरीचा आतला फोटो मागा. अस्तराचा कागद फाटून खालची शिवण दिसत असेल तर तो खंड दुरुस्तीला आलाच असं धरा. आणि पाठीवर आडव्या उठलेल्या पट्ट्या बघून भुलू नका. पूर्वी त्या पट्ट्यांखाली खरी शिवणीची दोरी असायची. व्हिक्टोरियन काळातल्या पुष्कळ बांधणींत दोरी खाचेत बसवलेली असते आणि वरची पट्टी नुसती चिकटवलेली. त्यात गैर काही नाही, पण 'उठलेल्या पट्ट्या आहेत म्हणजे शिवण भक्कम' हे अनुमान चुकीचं आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात असं: तुमच्या संचाची पाठ विसाव्या शतकातली, नावाजलेल्या हातांची, आणि बहुधा निरोगी. आता पोट.

आतल्या मुखपृष्ठाच्या फोटोत साल नाही. त्या काळात हे नेहमीचं, म्हणूनच विक्रेत्याने 'साधारण १८९०' लिहिलंय. पण प्रकाशकाचा पत्ता साल सांगतो. चॅपमन अँड हॉलच्या मुखपृष्ठावर '१८६ स्ट्रँड' असेल तर ते १८५० च्या आधीचं, '१९३ पिकाडिली' असेल तर साधारण १८५० ते १८८०, आणि नावापुढे 'लिमिटेड' आणि पत्ता हेन्रिएटा स्ट्रीट असेल तर १८८० नंतरचं. तुमच्या फोटोत 'लिमिटेड' आहे, तेव्हा १८९० च्या आसपास हे मान्य करायला हरकत नाही. मात्र फोटो एकाच खंडाचा आहे. तीसही मुखपृष्ठांचे फोटो मागा. कंटाळा करू नका, चांगला विक्रेता देतो.

हे का मागायचं? कारण 'जुळवलेला' संच ओळखायचा असतो. वेगवेगळ्या आवृत्त्यांमधले सुटे खंड गोळा करायचे, सगळ्यांना एकसारखं चामडं घालायचं, की बाहेरून संच तयार. पानांची उंची, कागदाचा रंग, अक्षरांचं वळण आणि शेवटच्या पानावरचं छापखान्याचं नाव यांवरून ते कळतं. जुळवलेला संच वाईटच असतो असं नाही. ट्रोलोपने ४७ कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या इतक्या वेगवेगळ्या प्रकाशकांकडून निघाल्या की त्याचा मोठा संच जुळवलेलाच मिळणार. पण डिकन्सच्या बाबतीत जुळवणी असेल तर किंमत उतरली पाहिजे.

त्यानंतर चित्रं. चित्रांच्या यादीप्रमाणे एकेक चित्र मोजायचं. मी नवीन असताना थॅकरे या त्याच काळातल्या कादंबरीकाराचा एक संच लिलावातून घेतला, कातडं अप्रतिम होतं, सोन्याचं काम अजून झळकत होतं. घरी आणून मोजलं तर दोन खंडांतली मिळून अकरा चित्रं ब्लेडने कापून काढलेली. चित्रं सुटी विकायला कुणीतरी कापली असणार. तो संच परत करता आला नाही, आणि तेव्हापासून मी आधी यादी उघडते, मग चामड्याला हात लावते. आणखी एक: बाइंडर पुष्कळदा अर्धशीर्षकाचं पान (मुखपृष्ठाच्या आधीचं, नुसतं पुस्तकाचं नाव असलेलं) आणि शेवटच्या जाहिराती काढून टाकायचे. समग्र संचात त्याने फार फरक पडत नाही, पहिल्या आवृत्तीत पडतो.

आता किंमत. १,८०० पौंड म्हणजे खंडाला ६०. आज बाथमध्ये एक खंड हाताने अर्ध्या मोरोक्कोत बांधायचा म्हटला तर शेकड्यांनी पौंड लागतात. म्हणजे तुम्ही बांधणीच्या खर्चापेक्षाही कमी पैसे देताय आणि पुस्तकं जवळजवळ फुकट मिळतायत. या हिशोबाने किंमत अवाजवी नाही. तरी ठसा १९३९ नंतरचा आहे, दोन खंडांच्या पाठी वेगळ्या आहेत, हे दाखवून कमी करायला सांगा. पंधराशेपर्यंत आला तर मला आनंद होईल.

पण गुंतवणूक म्हणून घेऊ नका. हे मी अगदी मनापासून सांगते. सुंदर चामडी संचांचा भाव पुष्कळसा घर सजवणाऱ्यांच्या हौसेवर चालतो, आणि घर सजवण्याची रीत बदलते. अभ्यासू संग्राहक ज्याच्यामागे धावतात ते वेगळंच असतं: मूळ कागदी वेष्टणांतले मासिक अंक, किंवा प्रकाशकाच्या मूळ कापडी बांधणीतली तीन खंडी कादंबरी, जी म्युडीच्या वाचकांच्या हातून वाचून शिल्लक राहिली. बाहेरून त्या बऱ्याचदा मळकट दिसतात. शिवाय संच विकताना घेणारा व्यापारी स्वतःचा नफा धरून भाव देणार, आणि ठाण्याहून वीस-पंचवीस किलो पुस्तकं परत इंग्लंडला पाठवायचा खर्च तुमच्या माथी. एक खंड हरवला तर उरलेल्या एकोणतीसांचा भाव कोसळतो हेही लक्षात ठेवा, म्हणून पाहुण्यांना वाचायला नेऊ देऊ नका.

तुम्हाला खरोखर डिकन्सच्या काळातली वस्तू हवी असेल तर त्याच पैशांत दुसरी वाट आहे. त्याच्या एखाद्या कादंबरीचे मासिक अंक त्या काळच्याच वाचकाने अर्ध्या काफमध्ये बांधून घेतलेले, असे खंड बाजारात बऱ्यापैकी मिळतात. ती पहिली आवृत्तीच असते, पण मूळ अंकांच्या मानाने पुष्कळ स्वस्त. ओळखायची खूण सुंदर आहे. पान पूर्ण उघडून शिवणीपाशी बघा, बारीक भोकांची ओळ दिसेल. सुटा अंक पाठीजवळून टोचून शिवलेला असायचा, त्याची ती भोकं. माझ्याकडे 'ब्लीक हाउस'चा असा एक खंड आहे. बिजागरी चिरलेली, कोपरे झिजलेले. पण कुणीतरी दर महिन्याला शिलिंग देऊन आणलेली ती पानं आहेत हे त्या भोकांवर बोट ठेवलं की कळतं, आणि माझ्या दुकानातल्या कुठल्याही झळझळीत संचापेक्षा मला तो खंड जवळचा आहे.

संचच हवा पण लहान, तर जॉर्ज इलियट या लेखिकेची ब्लॅकवुड या प्रकाशकाने १८७८ पासून काढलेली कॅबिनेट आवृत्ती बघा. तिच्या हयातीत तिच्या नजरेखालून गेलेला शेवटचा मजकूर त्यात आहे, आणि खंड हातात मावतात. आणि मराठी वाचक म्हणून मी आणखी एक सुचवीन. मेडोज टेलर हा इंग्रज लेखक नळदुर्गला अधिकारी होता, आणि त्याची 'तारा' ही कादंबरी तुळजापुरातून सुरू होते, अफझलखानाच्या स्वारीचा काळ. १८६३ साली तीन खंडांत निघाली. पहिली आवृत्ती शोधायला वेळ लागतो, पुढच्या एका खंडातल्या आवृत्त्या मात्र आवाक्यात असतात. मुंबईच्या फुटपाथवर मॅकमिलनच्या कलोनियल लायब्ररीचे कापडी खंड अजून सापडतात. १८८६ पासून हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी ही वेगळी माला निघत होती, आणि फक्त तिथेच विकण्याची सूचना आत छापलेली असायची. तिला चामडं नाही, सोनं नाही, पण ती पुस्तकं खास आपल्याकडे वाचली जावीत म्हणून छापली गेली.

शेवटी पावसाळा. चामड्याला आणि कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, ६५ च्या वर बुरशी धरते, आणि ठाण्यात जुलैत ती याच्या कितीतरी वर असते. तेव्हा काचेचं लाकडी कपाट, बाहेरच्या भिंतीला न लावता वीतभर पुढे, आत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आणि सिलिका जेलच्या पिशव्या. पिशव्या महिन्याला तापवून पुन्हा वापरता येतात. फळीवर वर्तमानपत्र अंथरू नका, त्याचं आम्ल वर चढतं आणि कसर तिथेच वस्ती करते. पुस्तकं गच्च बसवू नका. ओढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढायची सवय असेल तर ती आजच सोडा. शेजारची दोन पुस्तकं थोडी आत ढकला आणि मधल्याला कमरेत धरून काढा. दुरुस्तीला येणाऱ्या पुस्तकांपैकी कितीतरी केवळ या एका सवयीने फाटलेली असतात.

डांबरगोळ्या नकोत. माझी आजी पोथ्यांच्या रुमालात वेखंडाची पुरचुंडी ठेवायची, तशी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायला माझी हरकत नाही, चामड्याला टेकू नये एवढंच. आणि कातड्याला तेल लावू नका. पूर्वी सगळेच लावायचे, मीही सुरुवातीला एका गिऱ्हाइकाच्या इलियटच्या संचाला लावलं होतं. वर्षभरात पाठी काळवंडल्या, चिकट झाल्या, धूळ कायमची बसली. त्या मला मूळ रंगावर परत आणता आल्या नाहीत आणि मी त्यांचे पैसे परत केले. भुकटी सुटायला लागलेल्या कातड्याला हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज हा पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून लावतात, त्याने भुगा जागच्या जागी धरला जातो. कुजलेलं कातडं त्याने पुन्हा धडधाकट होत नाही. ते काम जाणकार हातांनीच करावं.

घ्यायचं ठरलं तर संच पावसाळ्यात मागवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा. प्रत्येक खंड आम्लमुक्त कागदात, पाठी एकाच बाजूला, खोक्यात आडवे आणि मध्ये भरण, असं विक्रेत्याकडून लिहून घ्या. कस्टम्सचा दर कुरियरवाल्याकडून आधीच लेखी घ्या, विमा पूर्ण किमतीचा उतरवा. खोकं घरी आलं की लगेच फोडू नका. दोन दिवस तसंच खोलीत राहू द्या, म्हणजे आतली हवा हळूहळू बाहेरच्या हवेशी जुळेल. मग एकेक खंड काढा, सपाट टेबलावर ठेवा, आधी पुढची दहा पानं, मग मागची दहा, मग पुन्हा पुढची, असं दोन्ही बाजूंनी मधोमध येत हलकेच उघडा. ऐंशी वर्षांत यातले काही खंड कुणी उघडलेच नसण्याची शक्यता आहे. पानं वरच्या कडेला जुळलेली सापडली तर बोटाने फाडू नका, मला लिहा. पातळ हाडाच्या सुरीने ती कशी मोकळी करायची ते मी फोटो काढून दाखवते.